मुद्दल म्हणजे नेमकं कोणतं?

दिवाळीत कवठे येमाईला घरी गेले होते, तेव्हा आत्याने बँकेची पावती पुढे केली. तिच्या एफडीची मुदत संपली होती आणि बँकेने ती व्याजासकट पुन्हा तेवढ्याच मुदतीसाठी ठेवली होती. नव्या पावतीवर 'मुद्दल' म्हणून छापलेला आकडा तिने भरलेल्या पैशांपेक्षा मोठा होता. "मी एवढे कधी भरले गं?" असं ती विचारत होती. मागचं व्याज मुद्दलात गेलं, आता व्याजावरही व्याज मिळणार, असं सांगितल्यावर ती खूश झाली. मी मात्र ओशाळले. हाच प्रश्न पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी माझ्या कागदांना विचारायला हवा होता, आणि विचारला नव्हता.

त्याचं झालं असं. घरच्या जुन्या ट्रंकेत मोडीतली चार खतं सापडली होती. (खत म्हणजे शेतात टाकतो ते नव्हे. कर्ज घेताना कूळ सावकाराला लिहून देतं तो कागद. हल्ली ज्याला आपण कर्जरोखा म्हणतो, त्याचा हा खेड्यातला पूर्वज.) कूळ तेच, सावकार तोच, रकमा चढत गेलेल्या. मी मोठ्या उत्साहाने तक्ता केला: चार खतं, चार कर्जं, खाली बेरीज आणि 'कर्जाची वाढती गरज' असा मथळा. गाइडनी तक्ता पाहिला आणि एवढंच विचारलं, "यातले रोख किती दिले?" मी परत खतांकडे गेले. तारखा साधारण तीन-तीन वर्षांच्या अंतराने होत्या. दुसऱ्या खतात 'मागील खताची बाकी' असे शब्द होते, जे मी वाचले होते पण मनावर घेतले नव्हते. पहिल्या तीन खतांवर आडवी रेघ होती. म्हणजे नवं खत झालं की जुनं रेघ मारून कुळाला परत. कर्ज चार नव्हती, एकच होतं. माझी बेरीज म्हणजे एकाच माणसाला चारदा मोजून गर्दी झाली म्हणण्यातला प्रकार होता.

तीनच वर्षं का? याचं उत्तर गावात नाही, कायद्यात आहे. 1859च्या मुदतीच्या कायद्याने साध्या खतावर दावा लावायला तीन वर्षांची मर्यादा घातली. हेतू चांगला होता: व्याज वर्षानुवर्षं साचत राहू नये. झालं उलटंच. मुदत संपायच्या आत सावकार कुळाला बोलावून हिशेब करायचा, थकलेलं व्याज मुद्दलात घालायचा आणि सगळ्या रकमेचं नवं खत लिहून घ्यायचा. सावकाराच्या बाजूनेही बघा, नाहीतर आपण नुसते खलनायक शोधत बसू. नवं खत केलं नाही तर त्याचं येणं कोर्टाच्या लेखी बुडालं. तोही बऱ्याचदा मोठ्या पेढीकडून उसने घेतलेले पैसेच फिरवत होता.

आता यात दामदुप्पट आणा. हिंदू धर्मशास्त्रातला हा जुना नियम, मुंबई इलाख्यातल्या कोर्टांनीही मानलेला: एका वेळी वसूल होणारं व्याज मुद्दलापेक्षा जास्त असू शकत नाही. शंभर दिले तर फार तर दोनशे मागा. दरमहा शेकडा दोनचा दर धरून हिशेब करून बघू. शंभराचे तीन वर्षांत एकशे बहात्तर झाले, त्याचं नवं खत. पुढच्या तीन वर्षांत त्याचे जवळपास 296, पुन्हा नवं खत. नऊ वर्षांनी आकडा 509च्या घरात जातो. या प्रत्येक खतात व्याज मुद्दलापेक्षा कमीच आहे, म्हणजे दामदुप्पट कुठेच मोडलेली नाही. नियम शाबूत, आणि शंभराचे पाचशे. सगळी करामत 'मुद्दल' या एका शब्दाची. दंगलींच्या चौकशी आयोगासमोर तर असं एक प्रकरण आलं होतं, ज्यात शंभर रुपयांच्या कर्जावर दोन हजारांहून जास्त व्याज आकारलं गेलं होतं.

कोणत्या दंगली, ते सांगते. आमच्याच शिरूर तालुक्यात कर्डे नावाचं गाव आहे. 1874च्या डिसेंबरात तिथल्या काळूराम या मारवाडी सावकाराने बाबासाहेब देशमुख या कुळाविरुद्ध दीडशे रुपयांच्या येण्यापोटी हुकूमनामा मिळवला आणि त्याचं घर पाडलं. देशमुखाचं घराणं मानाचं. गावाने सावकारांवर बहिष्कार टाकला आणि त्याचं लोण आसपासच्या गावांत गेलं. पाच-सहा महिन्यांनी, 12 मे 1875 रोजी, सुप्याच्या बाजारात जमलेले शेतकरी सावकारांच्या दुकानांवर चालून गेले आणि पुढे पुणे-नगर जिल्ह्यांतल्या तीसहून जास्त गावांत हे पसरलं. धान्याची दुकानं लुटली गेली, काही ठिकाणी घरं जाळली. पण जमावाची मुख्य मागणी खतं आणि वह्यांची होती. बऱ्याच ठिकाणी सावकाराने कागद मुकाट्याने दिले तर त्याला हातही लावला नाही. आता वरचा हिशेब आठवा. हातात आलेले शंभर केव्हाच खर्चून गेले होते. उरलेले चारशे फक्त कागदावर जन्मले होते, आणि कागदाबरोबरच ते जळणार होते.

पार्श्वभूमी तुम्ही बारावीत वाचली असेलच, म्हणून थोडक्यात. अमेरिकेतल्या यादवीमुळे (1861 ते 1865) इथल्या कापसाला भाव आला, सावकारांनी हात सैल सोडला, युद्ध संपलं आणि हात आखडला. त्यात शेतसारा वाढवला गेला. यातलं कोणतं कारण किती मोठं, यावर इतिहासकारांत अजून वाद आहे. रविंदर कुमार जुन्या ग्रामव्यवस्थेतल्या नात्यांच्या मोडतोडीवर भर देतात. नील चार्ल्सवर्थ यांनी 1972च्या लेखात या दंगलींना फुगवून सांगितलं गेलंय, असं म्हटलं. मला चार्ल्सवर्थ पूर्ण पटत नाहीत, पण माझ्या तक्त्याच्या फजितीनंतर त्यांची आकड्यांबद्दलची शंका जास्त गांभीर्याने घेते. आयोगाच्या अहवालाच्या पुरवण्यांत भरपूर आकडे आहेत. ते उतरवून घ्यायला कुणीही घेईल. पण 'कर्जाची रक्कम' असं लिहिलेल्या रकान्यात रोख दिलेलं आणि व्याजाचं झालेलं मुद्दल एकत्र असेल, तर त्यावर काढलेली सरासरी कशाची?

सरकारलाही शेवटी या शब्दापाशीच यावं लागलं. 1879चा दख्खन शेतकरी मदत कायदा पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी झाला. त्याचं तेरावं कलम शोधसाहित्य म्हणून वाचा, कायदा म्हणून नव्हे. कोर्टाने खतावरच्या आकड्यावर थांबायचं नाही, व्यवहाराच्या आरंभापर्यंत मागे जायचं. मुद्दल आणि व्याज यांचे हिशेब वेगळे मांडायचे. मध्ये कधी व्याजाचं मुद्दल करून घेतलं असेल, तर कोर्टाला ते रास्त वाटल्याशिवाय मुद्दलाच्या खात्यात धरायचं नाही. म्हणजे माझ्या गाइडचाच प्रश्न, जवळपास दीडशे वर्षं आधी, कलमाच्या भाषेत.

म्हणून आता माझ्या तक्त्यात एका रकमेसाठी तीन रकाने आहेत. एक, खतावर लिहिलेली रक्कम. दुसरा, मागच्या बाकीतून आलेला भाग. तिसरा, खरोखर हातात पडलेली रोकड. आणि तिथेही सावध राहावं लागतं, कारण पैसे देतानाच मनोती म्हणून काही कापून घ्यायची रीत होती. शंभराचं खत लिहून देणाऱ्याला शंभर मिळालेच असतील असं नाही. तिसरा रकाना बऱ्याचदा रिकामा राहतो. सुरुवातीला ते बघवत नसे. अंदाजाने भरून टाकावासा वाटे. आता रिकामा ठेवते आणि तसंच छापते.

आज म्युच्युअल फंडाच्या जाहिरातीत चक्रवाढीला चमत्कार म्हणतात, ते खोटं नाही. आत्याच्या पावतीत आणि ट्रंकेतल्या खतात गणित एकच आहे. फक्त आत्या त्या गणितात सावकाराच्या जागी बसली आहे. तिला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मग बँक कूळ झाली का माझं?" मी हो म्हटलं. तिला ते भारीच आवडलं.

राहिलं चौथं खत. त्यावर आडवी रेघ नाही. न फिटलेल्या कर्जाचं खत कुळाच्या ट्रंकेत कसं? पहिल्यांदा माझ्या डोक्यात काय आलं असेल ते तुम्ही ओळखलं असेल: मशाली, जमाव, हिसकावून आणलेला कागद. चुलत्यांना तर ही गोष्ट इतकी पटली की त्यांनी ती दोन लग्नांत सांगूनही टाकली. पण तिसरं खत दंगलीच्या आधीचं आहे आणि चौथं दंगलीनंतरचं. दंगल होऊन गेल्यावरही तेच कूळ त्याच सावकाराकडे गेलं, बसलं, आणि जुन्या बाकीचं नवं खत लिहून दिलं. प्रबंधाचं तिसरं प्रकरण सध्या तिथे अडलं आहे. चुलत्यांना अजून सांगितलेलं नाही.