१२७ उपकरणांचे आश्वासन आणि दोन पोर्ट : यूएसबीच्या टंचाईचा इतिहास

#थ्रेड
डेस्कटॉपच्या मागे सहा-आठ यूएसबी पोर्ट असतात, पुढे आणखी दोन. तरीही पेनड्राइव्ह लावायची वेळ आली की आधीचे काहीतरी उपसावेच लागते. जे तंत्र एका संगणकाला १२७ उपकरणे जोडण्याचे आश्वासन देत अवतरले, त्याच्याच घरी ही टंचाई कशी आली? (१/१३)

यूएसबीपूर्वीच्या संगणकाची पाठ आठवा. कीबोर्डचा गोल पोर्ट वेगळा, माउसचा वेगळा. मॉडेमसाठी सीरियल, प्रिंटरसाठी पॅरलल, जॉयस्टिकसाठी गेम पोर्ट. प्रत्येक जागा जणू राखीव. गेम पोर्ट वर्षानुवर्षे रिकामा राहिला, तरी त्यात प्रिंटर लावता येत नसे. पोर्ट कमी नव्हते. ते एकमेकांच्या उपयोगाचे नव्हते. (२/१३)

दुसरी टंचाई डोळ्यांना न दिसणारी होती. प्रोसेसरचे लक्ष वेधण्यासाठी उपकरणाला ‘इंटरप्ट’ची रेषा लागे. १९८१ च्या आयबीएम पीसीत अशा ८ रेषा होत्या. १९८४ च्या ‘एटी’त त्या १६ झाल्या, पण त्यांतली एक दोन चिप परस्परांशी जोडण्यातच खर्ची पडली. उरलेल्यांतल्या बऱ्याच आधीच वाटल्या गेलेल्या असत. (३/१३)

पहिला आणि तिसरा सीरियल पोर्ट एकाच, चौथ्या रेषेवर बसत. माउस पहिल्यावर आणि मॉडेम तिसऱ्यावर असेल, तर मॉडेम कामाला लागताच माउसचा बाण जागच्या जागी थिजू शके. १५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले झाले, ते याच मॉडेमच्या आणि याच रेषांच्या युगात. (४/१३)

पॅरलल पोर्ट बहुधा एकच असे आणि त्याच्या दारात रांग. मराठी डीटीपी करणाऱ्यांना ही रांग चांगलीच परिचयाची होती : आधी सॉफ्टवेअरचे कुलूप म्हणून येणारा डोंगल, त्याच्या पाठीवर प्रिंटरची केबल. स्कॅनर किंवा झिप ड्राइव्ह आला, तर तोही त्याच साखळीत. जोडणी बदलायची, तर आधी संगणक बंद करणे श्रेयस्कर. (५/१३)

१९९० च्या दशकाच्या मध्यास कॉम्पॅक, डीईसी, आयबीएम, इंटेल, मायक्रोसॉफ्ट, एनईसी आणि नॉर्टेल या सात कंपन्या एका सामाईक मानकासाठी एकत्र आल्या. इंटेलमधील या कामातले अग्रणी नाव अजय भट्ट यांचे. त्यांचे अभियांत्रिकीचे शिक्षण बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातले; म्हणजे नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावी जन्मलेल्या सयाजीराव गायकवाडांच्या नावाने उभ्या असलेल्या संस्थेतले. (६/१३)

जानेवारी १९९६ मध्ये यूएसबी १.० प्रसिद्ध झाले. त्यात उपकरणाने परस्पर बोलायचे नाही; संगणकाने विचारले की उत्तर द्यायचे. त्यामुळे प्रत्येकाला स्वतंत्र इंटरप्ट लागेना. उपकरणाचा पत्ता ७ बिटांचा, म्हणजे १२८ शक्यता. शून्य क्रमांक नवागतासाठी राखून उरले १२७. हे गणित जाहिरातीत शोभून दिसले. (७/१३)

पण संगणकावर पोर्ट किती? इंटेलच्या १९९६ च्या ‘पीआयआयएक्स३’ चिपमध्ये फक्त दोन! हा विसर नव्हता, रचनाच तशी होती. संगणक हे झाडाचे खोड. मॉनिटर, कीबोर्ड यांत हब बसवून तेथून फांद्या फुटायच्या. एकामागे एक पाच हबपर्यंत साखळी चालणार होती. सगळी उपकरणे थेट संगणकात खुपसली जातील, ही मूळ कल्पनाच नव्हती. (८/१३)

आरंभीची काही वर्षे हे दोन पोर्टही बहुधा रिकामेच राहिले. २० एप्रिल १९९८ रोजी शिकागोत बिल गेट्स यांच्यासमक्ष विंडोज ९८ चे प्रात्यक्षिक चालू असताना यूएसबी स्कॅनर जोडला आणि पडदा निळा पडला. त्याच वर्षी ॲपलचा आयमॅक आला : फ्लॉपी नाही, जुने सीरियल पोर्ट नाहीत; यूएसबी पोर्ट दोन. कीबोर्डमध्ये मात्र आणखी दोन, माउससाठी. मूळ आराखड्यातले झाड प्रत्यक्षात उतरले, ते येथे. (९/१३)

पुढे हे झाड खुंटले ते विजेपायी. यूएसबी २.० पर्यंत एका पोर्टला ५ व्होल्टवर जास्तीत जास्त ५०० मिलिअँपिअर मिळत. स्वतःचा अडॅप्टर नसलेला हब त्यांतले १०० स्वतःसाठी धरतो. उरलेले १००-१०० चे चार वाटे. स्वस्त हबला चारच तोंडे का असतात, याचे उत्तर या भागाकारात आहे. माउस १०० वर चालतो. बाहेरील हार्ड डिस्क अडून बसते. हब जागा वाढवतो, वीज आणि वेग वाढवत नाही. (१०/१३)

मग उत्पादकांनी खोडालाच पोर्ट फोडले. इंटेलच्या चिपमधील संख्या पाहा : २००० मध्ये ४, २००२ मध्ये ६, २००३ मध्ये ८, २००७ मध्ये १२. हे परवडले, कारण यूएसबीवर स्वामित्वशुल्क नव्हते. प्रतिस्पर्धी फायरवायरसाठी १९९९ च्या सुमारास एका पोर्टमागे एक डॉलर मागितला गेला. तो नंतर २५ सेंटवर आला, तोवर वेळ निघून गेली होती. (११/१३)

येथे एक मेख आहे. २००७ च्या त्या १२ पोर्टांमागे ४८० मेगाबिट वेगाचे नियंत्रक दोनच होते. नळ बारा, जलवाहिन्या दोन. दरम्यान मागणी धावत सुटली. २००० च्या अखेरीस ८ मेगाबाइटचा पेनड्राइव्ह बाजारात आला, १.४४ मेगाबाइटच्या फ्लॉपीला तो भारी पडला आणि रोजच्या काढघालीसाठी कॅबिनेटच्या पुढच्या बाजूला पोर्ट हवेसे झाले. मग वेबकॅम, हेडसेट, वायरलेस माउसचा डोंगल आणि चार्जिंगला लावलेला फोन. फोनला तर संगणकाशी काही बोलायचेही नव्हते. त्याला फक्त वीज हवी होती. (१२/१३)

जुन्या काळी टंचाई प्रकारांची होती. यूएसबीने ती संख्येची केली. राखीव जागा खुल्या होताच सारेच त्या दारी आले. म्हणून नवा डेस्कटॉप घेताना केवळ पोर्ट मोजू नका. कायम जोडलेले किती, रोज काढायचे किती आणि वीज ओढणारे किती, हे तीन आकडे मांडा. वीज ओढणाऱ्यांना थेट पोर्ट द्या किंवा स्वतःचा अडॅप्टर असलेला हब. कीबोर्ड-माउसला साधा हबही पुरतो. पोर्ट कमी पडतात, हे यूएसबीचे अपयश नव्हे. १९९७ मध्ये ते रिकामे होते, तेव्हा त्याचे भवितव्य खरोखर टांगणीला लागले होते. (१३/१३)