कुंडमळा, १५ जून २०२५ : साडेतीन वाजेपर्यंत

सुमारे तीस वर्षं आधी

इंद्रायणी लोणावळ्याजवळ कुरवंड्याला उगम पावते आणि मावळातून देहू-आळंदीकडे जाते. तळेगाव दाभाड्याजवळ, कुंडमळ्याला, तिने कातळात खोल कुंडं कोरली आहेत. इथे नदीवर अरुंद लोखंडी पूल झाला तो शेतावर जाणाऱ्यांसाठी आणि पलीकडच्या गावात ये-जा करणाऱ्यांसाठी. रुंदी जेमतेम ४ फूट. समोरून दुचाकी आली की पायी माणसाने अंग चोरून कठड्याला टेकायचं. गावाला तेवढा पुरत होता.

एक वर्ष आधी

३० जून २०२४, रविवार. लोणावळ्यात भुशी धरणामागच्या ओढ्याला भरदिवसा अचानक लोंढा आला. पुण्याहून आलेल्या एका कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली, त्यात चार मुलं. त्यानंतर मनाईचे आदेश निघाले, संध्याकाळी ६ नंतर भुशीला जायला बंदी झाली. पण घात दिवसाउजेडी झाला होता, आणि दिवसा एका वेळी किती माणसांना आत सोडायचं हा प्रश्न तसाच राहिला.

तीन आठवडे आधी

२६ मे २०२५ ला मोसमी पाऊस मुंबईत पोचला. नोंदी आहेत तेव्हापासून इतका लवकर तो कधीच आला नव्हता. साहजिकच पर्यटनाचा हंगामही लवकर सुरू झाला. कुंडमळ्याचा पूल धोकादायक ठरलेला होता, तशी पाटी लावलेली होती. नव्या पुलाला निधी मंजूर होता आणि त्याच्या कामाचा आदेश जुना पूल कोसळण्याच्या काहीच दिवस आधी निघाला.

रविवार, सकाळी ९

पावसाळी रविवारी या भागात माणसं दोन वाटांनी येतात. एक पुणे-लोणावळा लोकल, दुसरी जुन्या मुंबई-पुणे महामार्गावरून येणारी दुचाकी. सकाळची गर्दी कुणाला गर्दी वाटत नाही. पूल ओलांडायला एखाद-दोन मिनिटं लागतात, मधे कुणी थांबलं तरी मागच्याला वाट मिळते.

सकाळी ११

घाट उतरून खोपोलीला गेलं की इमॅजिका आहे, २०१३ पासून. अशा थीम पार्कच्या धंद्यात या वेळेला दारावरचा आकडा बघायला सुरुवात होते. आत आलेले वजा बाहेर गेलेले, एवढं साधं गणित. हे शहाणपण ठेच लागून आलं. १७ जुलै १९५५ ला कॅलिफोर्नियात डिस्नेलँड उघडलं त्या दिवशी बनावट पासांवर माणसं घुसली आणि बोलावलेल्यांच्या जवळपास दुप्पट गर्दी झाली. आता मोठी पार्क टप्प्याटप्प्याने दार बंद करतात. आधी खिडकीवरची तिकीटविक्री थांबते. मग फक्त आगाऊ नोंदणीवाले किंवा पार्कच्या हॉटेलात उतरलेले आत जातात. शेवटी कुणालाच प्रवेश नाही. बाहेर पडतील तेवढेच आत. पार्किंगच्याही आधी, रस्त्यावरच, ‘आज जागा संपली’ असं सांगायला माणूस उभा असतो. ‘भरलं’ म्हणायचा अधिकार कुणाचा, हे सकाळीच ठरलेलं असतं.

कुंडमळ्याला दार नाही. नदी सगळ्यांची आहे आणि ती तशीच राहावी. पण पुलाला दोनच टोकं होती, आणि चार फुटांचं टोक अडवायला एक माणूस पुरतो.

दुपारी १

इथे एक हिशेब करू. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गर्दीच्या पादचारी मार्गाला दर चौरस मीटरला ५०० किलो भार धरतात. पुलाचा १०० फुटी लोखंडी तुकडा धरला तर ४ फूट रुंदीने ते होतात सुमारे ३७ चौरस मीटर, म्हणजे साडेअठरा टन. त्यावर १०० माणसं उभी राहिली तर ६ टन, दहा दुचाकी चढल्या तर आणखी टन-सव्वा टन. हिशेब ढोबळ आहे, पण शाबूत पुलाने एवढी माणसं पेलायला हवीत हे त्यातून दिसतं. म्हणून ‘अतिउत्साही पर्यटकांमुळे पूल पडला’ हे म्हणणं मला पटत नाही. धोकादायक म्हटलेल्या पुलाची क्षमता एकच असते, शून्य. पार्कमधला पाळणा नादुरुस्त असेल तर त्याच्या रांगेलाच कुलूप लागतं. नुसती पाटी लावून कुणी निघून जात नाही.

दुपारी ३

पाऊस आणि नदीला जोराचं पाणी. पुलावर शंभरहून जास्त माणसं, त्यातच दुचाक्या. ओलांडायचा पूल आता बघायची गॅलरी झाला होता. फोटो काढायला पुढचा थांबतो, त्याच्या मागे दुचाकी अडते, समोरून दुसरी येते. दोघांनाही वळवायला जागा नाही. टोकाशी आलेल्या माणसाला मधलं काही दिसत नाही. त्याला दिसते फक्त पुढच्याची पाठ, आणि तो पाऊल पुढे टाकतो. मधल्याला परत फिरायचं असतं, पण त्याची वाट नेमकी यानेच बुजवलेली असते. मधे अडकलेल्यांनी कितीही शहाणपणा दाखवला तरी गर्दी तिथून सुटत नाही. ती सुटते टोकाला.

साडेतीनच्या सुमारास

पूल कोसळला. माणसं पाण्यात पडली. काही वाहत गेली, काही लोखंडाखाली अडकली.

संध्याकाळ आणि रात्र

गावकरी आणि काठावरचे लोक आधी धावले. मग पोलीस, अग्निशमन दल, मावळातली बचाव पथकं आणि एनडीआरएफ. पडलेला सांगाडा क्रेनने उचलावा लागला. चार जणांचा जीव गेला, पन्नासच्या वर जखमी झाले. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी मृतांच्या कुटुंबांना प्रत्येकी ५ लाख रुपये जाहीर केले.

तीन दिवसांनी

१८ जूनला इथून काही किलोमीटरवर, देहूतून तुकोबांची पालखी निघाली. तिथेही माणसांचा समुद्र. पण वारीत दिंड्यांना क्रमांक असतात, रथापुढच्या आणि रथामागच्या जागा ठरलेल्या असतात, आणि विणेकऱ्यापासून चोपदारापर्यंत प्रत्येकाला आपलं काम ठाऊक असतं. गर्दीला शिस्त लावायची विद्या इंद्रायणीकाठी पिढ्यान्‌पिढ्या नांदते आहे. ती आपण पर्यटनाला लावत नाही, याचा मला फार त्रास होतो.

कुंडमळ्याच्या दुर्घटनेनंतर जिल्ह्यातले धोकादायक पूल तपासायचे, बंद करायचे, पाडायचे आदेश निघाले. तेवढ्याने भागणार नाही. गुजरातेत मोरबीला ३० ऑक्टोबर २०२२ च्या रविवारी झुलता पूल तुटून १३५ माणसं गेली. तिथे तर तिकीट होतं, दार होतं. तिकिटं फाडली जात होती, पुलावर किती माणसं आहेत ते कुणी बघत नव्हतं. कुंडमळ्याला नवा पूल झाल्यावर त्यावर एका वेळी किती माणसं चालतील तो आकडा दोन्ही टोकांना मोठ्या अक्षरांत लिहावा. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी दोन्ही टोकांना जवळच्या शेलारवाडी-इंदोरीतली दोन-दोन तरुण पोरं पगारावर उभी करावीत, गळ्यात शिट्टी, हातात मोजणीचं यंत्र आणि वॉकीटॉकी. आडवी दोरी ओढून पूल बंद करायचा अधिकार त्यांना लेखी द्यावा, आणि त्यांच्याशी हुज्जत घालणाऱ्याला आवरायला शेजारी एक पोलीस असावा. भुशीच्या पायऱ्यांवर आणि लोहगडाच्या दरवाजातही हेच करता येईल.