विदुषी माता : गृह आणि कार्यक्षेत्र

माता सुशिक्षित असेल तर संतती सुसंस्कृत होते, हे स्त्रीशिक्षणाच्या पुरस्कर्त्यांनी समाजास प्रथम पटवून दिले. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ स्थापिले, तेव्हा सुगृहिणी व सुमाता घडविणे हाही त्यांचा हेतू होता. परंतु विद्या उंबरठ्याशी थांबत नाही. उच्चविद्याविभूषित स्त्री माता झाली म्हणजे तिने काय करावे, हा प्रश्न पुढे घरोघर उभा राहिला.

त्याचे एक उत्तर महर्षींच्याच घरात मिळाले. त्यांच्या स्नुषा इरावतीबाई यांनी १९३० साली बर्लिन येथे डॉक्टरेट संपादन केली. १९३१ ते १९३६ या काळात त्या याच विद्यापीठाच्या कुलसचिव होत्या. १९३९ पासून त्यांनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात अध्यापन व संशोधन केले. तीन अपत्यांची ही माता मानवशास्त्रासाठी देशभर हिंडली. रसायनशास्त्राचे प्राध्यापक असलेले पती दिनकरराव यांची त्यांच्या व्यासंगास मनःपूर्वक साथ होती.

डॉ. कमलाबाई सोहोनी यांनी १९३९ साली केंब्रिजची डॉक्टरेट मिळविली. १९४७ साली विवाह होताच कुन्नूरच्या पोषण-संशोधन प्रयोगशाळेतील पद सोडून त्या मुंबईस आल्या. तेथील विज्ञान संस्थेत जीवरसायनशास्त्र शिकवीत, नीरेवर संशोधन करीत त्यांनी दोन पुत्रांचे संगोपन केले. तथापि विवाहापायी स्थान सोडावे लागले ते पत्नीसच, हेही ध्यानी घ्यावे.

कायद्याची पावले सावकाश पडली. मुंबई प्रांताचा १९२९ चा प्रसूतिलाभ कायदा केवळ कारखान्यांतील स्त्रियांपुरता होता. देशव्यापी कायदा १९६१ साली झाला. २०१७ साली पहिल्या दोन अपत्यांसाठीची रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली. मात्र रजा संपल्यानंतरची वर्षे कुटुंबानेच सांभाळावयाची असतात.

अपत्यासाठी स्वेच्छेने घरी राहिलेल्या विदुषीची विद्या वाया गेली, असे म्हणणे अन्यायाचे आहे. परंतु ज्या घरात साथ नाही, तेथे 'तिनेच ठरविले' असे म्हणण्यात काय अर्थ? गुणवंत कन्यांचा आपण व्यासपीठावर सत्कार करतो. त्याच कन्या माता झाल्यावर पती, सासूसासरे व आप्त यांनी भार वाटून घेतला, तरच तो सत्कार खरा ठरेल.