बोट मिळेपर्यंत

परदेशी जाण्याची तयारी म्हटली की आज कागदांची यादी डोळ्यांपुढे येते: पासपोर्ट, व्हिसा, वैद्यकीय तपासणी, विमा, थोडे परकीय चलन. या यादीत एक खर्च कधीच मांडलेला नसतो, तो म्हणजे ताटकळत थांबण्याचा. काम ठरेपर्यंत, बोलावणे येईपर्यंत, पहिला करार संपून दुसरा मिळेपर्यंत माणसाने कुठे राहायचे आणि काय खायचे? गोव्याच्या ख्रिस्ती खेड्यांतून शंभर-सव्वाशे वर्षे माणसे सतत समुद्रापार जात राहिली, ती धाडसापेक्षा या प्रश्नाचे उत्तर गावाने आधीच तयार ठेवले होते म्हणून, असे माझे मत आहे. ते उत्तर म्हणजे मुंबईतली कूड.

गोव्यातून बाहेर पडण्याची कारणे सर्वांना माहीत आहेत. पोर्तुगीज अमलाखाली उद्योग नव्हते आणि शेती अपुरी होती. त्यात 1878 च्या तहाने मिठाचा धंदाही ब्रिटिशांच्या ताब्यात गेला. पलीकडे 1869 मध्ये सुएझ कालवा खुला झाल्यापासून मुंबई बंदरातली आगबोटींची वर्दळ वाढत होती. या बोटींवर कामाची वाटणी जवळजवळ जातीसारखी पक्की होती. डेकवर बहुधा रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान, इंजिनाच्या भट्टीपाशी पंजाबी आणि पठाण, तर स्वयंपाकघर व जेवणाच्या दालनात गोवेकर. गोमांस, डुक्कर किंवा दारू हाताळायला त्यांना धर्माची आडकाठी नव्हती, आणि युरोपीय जेवणाची रीत त्यांना घरचीच होती. पण नोकरी गोव्यात बसून मिळत नसे. तिच्यासाठी मुंबईला यावे लागे, आणि एका सफरीचा करार संपला की तारवटी, म्हणजे बोटीवर काम करणारा गोवेकर, पुन्हा बेकार.

धोबीतलाव, कावेल, डाबूल, माझगाव या भागांत गावागावांनी भाड्याने खोल्या घेतल्या, त्या याच रिकाम्या काळासाठी. एकेक कूड एकेका गावाची. भिंतीलगत ओळीने पत्र्याच्या किंवा लाकडी पेट्या, रात्री जमिनीवर अंथरुणे, आणि एका बाजूला गावच्या संताची वेदी. सभासद महिन्याची मामुली वर्गणी भरत. संध्याकाळी रोझरीला हजर राहणे सक्तीचे. गावच्या संताचे फेस्तही इथेच साजरे होई. बोटीवर गेलेल्याची पेटी मागे सांभाळली जाई, बेकाराची वर्गणी उधार राही आणि पगार झाला की वसूल होई. ही उधारी हा या व्यवस्थेचा कणा होता. सावकार जमीन किंवा दागिना तारण मागतो. कुडीकडे तारण म्हणून गावातली अब्रू होती, कारण पैसे बुडवणाऱ्याला शेवटी त्याच गावात, त्याच चर्चच्या दारात परतायचे असे. कोणत्या कंपनीत भरती चालू आहे, डॉक्टर काय तपासतात, जुन्या कप्तानाचे प्रशस्तिपत्र कसे दाखवायचे, हे सगळे शेजारच्या अंथरुणावरून फुकट कळे. पत्र्याच्या नळीत जपलेल्या त्या दाखल्यांना गोवेकर ‘नळी’च म्हणत.

यावर असा आक्षेप येईल की गोवेकरांना कामे मिळाली ती कौशल्यामुळे, खोलीमुळे नव्हे. चर्चच्या शाळांत स्वरलिपी वाचायला शिकलेली मुले पुढे बोटींवरच्या आणि संस्थानिकांच्या बँडमध्ये गेली, हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांतही गेली. इंग्रजीचेही तसेच. पोर्तुगीज राज्यात राहून 1887 मध्ये हडफड्याला इंग्रजी शाळा निघते, याचा अर्थ पालकांची नजर कुठे होती ते उघड आहे. हे सारे मान्य. पण कौशल्य असूनही दोन महिन्यांच्या बेकारीने माणूस हातपाय गाळून गावी परत गेला असता, तर ते कौशल्य बोटीपर्यंत पोहोचलेच नसते. शिवाय स्वस्त निवारा मुंबईत इतरांनाही होता. कोकणातल्या गिरणी कामगारांनी गिरणगावात गावकीच्या खोल्या चालवल्या, त्यामागचा हिशेबही हाच होता. फरक इतकाच की गिरणी कामगाराचा प्रवास मुंबईत संपे, तारवट्याचा तिथून सुरू होई.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. गावाची कूड म्हणजे सगळ्या गावाची असे नेहमी नव्हते. गोव्याच्या ख्रिस्ती समाजातले जातिभेद पेट्यांबरोबर मुंबईत आले, आणि काही गावांच्या एकाहून अधिक कुडी झाल्या त्या याच कारणाने. बायकांना तर तिथे जागाच नव्हती. आया म्हणून घराबाहेर पडलेल्या गोमंतकीय स्त्रीला मालकाच्या घराचाच आसरा. नवरा वर्षानुवर्षे समुद्रावर असताना घर, शेत आणि मुलांची शाळा सांभाळणारी जी होती, तिचे थांबणे कुठल्याही वहीत चढले नाही. म्हणून कुडीला आदर्श म्हणण्याचे कारण नाही. ज्या अब्रूच्या तारणावर उधारी मिळे, तीच अब्रू कोण आत आणि कोण बाहेर हेही ठरवत होती.

पुढे विमाने आली, कंटेनर जहाजांवर थोडक्या माणसांत काम भागू लागले, आणि 1970 च्या दशकात आखाताची वाट खुली झाली. गावाच्या जागी एजंट आला. 1983 च्या उत्प्रवासन कायद्याने भरती करणाऱ्या एजंटाला नोंदणीची सक्ती केली, त्याच्या शुल्काला मर्यादा घातली. पण बोलावणे येईपर्यंतचे महिने उमेदवाराने कशाच्या बळावर काढायचे, हा विषय त्यात नाही. आज ते महिने बहुतेकांच्या बाबतीत व्याजाच्या कर्जावर निघतात, आणि परदेशातला पहिला पगार हातात पडण्याआधीच त्यातला वाटा दुसऱ्याचा झालेला असतो. धोबीतलावच्या जेर महाल या इमारतीत काही कुडी अजून चालू आहेत. क्रूझ कंपन्यांच्या मुलाखतींसाठी येणारी गोव्याची मुले तिथे उतरतात.