निःशुल्क दूरस्थ शालेय शिक्षण

निःशुल्क दूरस्थ शालेय शिक्षण : शाळेच्या वर्गात नियमितपणे उपस्थित न राहता आणि शिकवणीशुल्क न देता शालेय अभ्यासक्रम पूर्ण करण्याची सोय करून देणारी शिक्षणपद्धती. पत्रद्वारा पाठ, नभोवाणी, दूरदर्शन व अलीकडे संगणकजाल (इंटरनेट) ही तिची क्रमाने वापरात आलेली माध्यमे होत. शुल्कमाफी व दूरस्थ अध्यापन या दोन कल्पना मुळात स्वतंत्र असून त्यांचे उगमही भिन्न आहेत. विद्यार्थी आणि शाळा यांमध्ये सामान्यतः पैसा, अंतर व वेळ असे तीन अडसर असतात. शुल्कमाफीने त्यांपैकी पहिला, तर दूरस्थ अध्यापनाने दुसरा व तिसरा दूर व्हावा, अशी अपेक्षा असते. ही अपेक्षा कितपत फलद्रूप झाली, हे यवतमाळसारख्या ग्रामीण व आदिवासी वस्तीच्या जिल्ह्याच्या संदर्भात विशेष स्पष्टपणे तपासता येते.

शुल्कमुक्तीची वाटचाल : एकोणिसाव्या शतकात शासकीय शाळांतही अल्पसे शुल्क घेण्याची प्रथा होती. जोतीराव फुले यांनी १८५५ मध्ये पुणे येथे श्रमजीवी स्त्री-पुरुषांसाठी रात्रशाळा चालविली. शाळेची वेळ शिकणाऱ्याच्या दिनक्रमाशी जुळविण्याचा महाराष्ट्रातील हा एक आरंभीचा प्रयत्न होय. १८८२ च्या हंटर आयोगापुढील निवेदनात फुले यांनी निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी मागणी केली. बडोदे संस्थानात सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग करून १९०६ मध्ये तो संस्थानभर लागू केला. गोपाळ कृष्ण गोखले यांचे १९११ चे प्राथमिक शिक्षणविषयक विधेयक केंद्रीय विधिमंडळात पुढील वर्षी फेटाळले गेले. मात्र कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले. १९१८ मध्ये मुंबई इलाख्यात विठ्ठलभाई पटेल यांच्या पुरस्काराने, तर १९२० मध्ये मध्य प्रांतात प्राथमिक शिक्षणाचे कायदे झाले. त्यांची अंमलबजावणी स्थानिक संस्थांच्या इच्छेवर व सांपत्तिक स्थितीवर अवलंबून राहिल्याने त्यांचा लाभ प्राधान्याने शहरांना मिळाला.

यवतमाळ जिल्हा (१९०५ पर्यंत वणी जिल्हा) वऱ्हाडाचा भाग असल्याने १९०३ पासून मध्य प्रांताच्या प्रशासनाखाली होता. या प्रांतात रविशंकर शुक्ल यांनी विद्यामंदिर योजना मांडली आणि १९३८ मध्ये वर्धा येथे तिच्या शिक्षकांच्या प्रशिक्षणास आरंभ झाला. गावकऱ्यांनी दान दिलेल्या जमिनीच्या उत्पन्नातून खेड्यातील शाळा चालवावी, म्हणजे मुलांकडून शुल्क घेण्याची गरज उरणार नाही आणि शासनावरही मोठा भार पडणार नाही, अशी ही कल्पना होती. ‘मंदिर’ या शब्दास मुस्लिम समाजातून विरोध झाला, जमिनीचे उत्पन्न अनिश्चित होते व १९३९ मध्ये प्रांतिक मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. त्यामुळे योजना मूळ धरू शकली नाही. शाळा मोफत ठेवावयाची, तर तिचा खर्च कोणी व कसा सोसावयाचा, हा प्रश्न मात्र या योजनेने प्रथमच खेड्याच्या पातळीवर उपस्थित केला.

राज्यपुनर्रचनेनंतर १९५६ मध्ये विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात समाविष्ट झाला. १९५९ मध्ये आर्थिक दृष्ट्या मागास विद्यार्थ्यांसाठी शुल्कसवलत सुरू झाली. ती ‘ई. बी. सी.’ या इंग्रजी आद्याक्षरांनीच घरोघर परिचित होती. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा अस्तित्वात येऊन ग्रामीण प्राथमिक शाळा त्यांच्याकडे आल्या. शासकीय आश्रमशाळांची योजना १९७२-७३ पासून क्षेत्रविकासाच्या दृष्टीने विस्तारली व तीत शिक्षणाबरोबरच निवास व भोजनही मोफत ठेवण्यात आले. शाळा मुलापर्यंत नेण्याऐवजी मुलालाच शाळेत वस्तीस आणून अंतराचा अडसर दूर करण्याचा हा मार्ग होता. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने ६ ते १४ वयोगटातील बालकांचा शिक्षणाचा हक्क मूलभूत ठरविला व त्यासंबंधीचा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला.

दूरस्थ अध्यापनाचा उगम : विरळ वस्तीच्या प्रदेशांत वर्ग भरविणे अशक्य असल्याने पत्रद्वारा शालेय शिक्षणाची पद्धत निघाली. न्यूझीलंडमध्ये १९२२ मध्ये अशी शासकीय शाळा सुरू झाली. ऑस्ट्रेलियातील ॲलिस स्प्रिंग्ज येथे १९५१ मध्ये सुरू झालेल्या ‘आकाशशाळे’त दूरवरच्या पशुपालकांची मुले दुहेरी रेडिओसंचावरून शिक्षिकेशी बोलत असत. येथे घरी पालकांपैकी कोणीतरी मुलाचा अभ्यास करवून घेत असे, ही बाब ध्यानात घेण्यासारखी आहे. अशा शाळांच्या यशात शिक्षिकेइतकाच या घरच्या व्यक्तीचा वाटा होता.

अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात १९९१ मध्ये ‘सनद शाळां’चा पहिला कायदा झाला. सार्वजनिक निधीवर चालणारी, शुल्क न घेणारी, परंतु शासनाशी केलेल्या कराराच्या आधारे स्वतंत्र मंडळाकडून चालविली जाणारी शाळा, असे तिचे स्वरूप आहे. १९९० नंतरच्या दशकात अशा काही शाळा पूर्णतः संगणकजालावर भरू लागल्या. आजारी मुले, वारंवार स्थलांतर करणारी कुटुंबे, वर्गात छळ झालेली किंवा कलाक्रीडेत गुंतलेली मुले यांची त्यांनी सोय केली. तथापि २०१५ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधनकेंद्राने केलेल्या तुलनात्मक पाहणीत या शाळांतील विद्यार्थी एका वर्षात गणितात सु. १८० व वाचनात सु. ७२ शालेय दिवसांच्या अभ्यासाइतके मागे पडत असल्याचे आढळले. शुल्क नसणे आणि पाठ उपलब्ध असणे एवढ्याने अध्ययन घडत नाही, हे या पाहणीने अधोरेखित केले.

भारतातील प्रयोग : दिल्ली विद्यापीठाने १९६२ मध्ये पत्रद्वारा शिक्षणक्रम सुरू केला. शालेय स्तरावर केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने १९७९ मध्ये मुक्त विद्यालयाचा प्रकल्प हाती घेतला. १९८९ मध्ये त्याचे राष्ट्रीय मुक्त विद्यालयात रूपांतर झाले व २००२ पासून राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था हे नाव रूढ झाले. विद्यार्थ्याला एकेक विषय सवडीने उत्तीर्ण होण्यासाठी पाच वर्षांत नऊ संधी देणे, हे या संस्थेचे वैशिष्ट्य. ती शुल्क आकारते. मात्र स्त्रिया व अनुसूचित जाती-जमातींस सवलत देते.

महाराष्ट्रात शिक्षणतज्ज्ञ चित्रा नाईक यांनी पुणे येथील भारतीय शिक्षण संस्थेमार्फत १९७९–८५ या काळात पुणे जिल्ह्यातील खेड्यांत अनौपचारिक प्राथमिक शिक्षणाचा प्रकल्प राबविला. दिवसा गुरे राखणारी वा घरकाम करणारी मुले संध्याकाळी सु. दोन तास शिकत. जागा व देखरेख गावकरी पुरवीत. येथे माध्यम नवे नव्हते; वेळ तेवढी बदलली होती. १९८४ मध्ये पुणे येथे स्थापन झालेल्या ‘बालचित्रवाणी’ या संस्थेने दूरदर्शनसाठी शैक्षणिक कार्यक्रमांची निर्मिती केली. ती २०१७ मध्ये बंद झाली. उच्च शिक्षणाच्या क्षेत्रात १ जुलै १९८९ रोजी नासिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. शालेय शिक्षण अपुरे राहिलेल्यांसाठी त्याने पूर्वतयारी शिक्षणक्रमाची वाट मोकळी केली. यवतमाळ जिल्हा त्याच्या अमरावती विभागीय केंद्राच्या कक्षेत येतो.

शाळेत नियमित न जाता दहावी-बारावीस बसण्याची राज्यातील जुनी वाट म्हणजे खाजगी उमेदवारी. तिच्या अर्जाच्या क्रमांकावरून ‘सतरा नंबरचा फॉर्म’ हा शब्दप्रयोग बोलीत रुळला. या वाटेने परीक्षा मिळते, अध्यापन मिळत नाही. ही उणीव काही अंशी भरून काढण्यासाठी शासनाने २०१७ मध्ये राज्य मुक्त विद्यालय मंडळ स्थापण्याचा निर्णय घेतला. त्याद्वारे पाचवी, आठवी, दहावी व बारावी यांस समकक्ष परीक्षा देता येतात. पाचवीसाठी किमान १०, आठवीसाठी १३ व दहावीसाठी १५ वर्षे वयाची अट असून नावनोंदणीनंतर जवळच्या संपर्क केंद्रामार्फत मार्गदर्शन मिळते. दिल्ली शासनाने ३१ ऑगस्ट २०२२ रोजी नववी ते बारावीसाठी सुरू केलेली संगणकजालावरील निःशुल्क शाळा ही अमेरिकन नमुन्याशी अधिक जवळची असून तिचा प्रवेश देशभरातील विद्यार्थ्यांना खुला ठेवण्यात आला.

यवतमाळ जिल्ह्याची परिस्थिती : १९७१ पूर्वीच्या शुल्कसवलती असोत वा अलीकडची मुक्त विद्यालये, त्यांची कसोटी जिल्ह्याच्या भूगोलात व समाजरचनेत लागते. जिल्ह्याचे क्षेत्रफळ सु. १३,५८२ चौ. किमी. असून २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या २७,७२,३४८ होती. तीत अनुसूचित जमातींचे प्रमाण सु. १८.५ टक्के होते. गोंड, कोलाम, आंध या जमातींची व बंजारा समाजाची मोठी वस्ती हे जिल्ह्याचे वैशिष्ट्य होय. केळापूर, झरी जामणी, मारेगाव, घाटंजी या तालुक्यांत कोलामांच्या लहान वस्त्या (पोड) विखुरलेल्या आहेत. कोलाम ही शासनाने विशेष असुरक्षित गणलेली जमात असून तिची कोलामी भाषा द्राविडी कुलातील आहे. आदिवासी विकासासाठी पांढरकवडा व पुसद येथे स्वतंत्र प्रकल्प कार्यालये आहेत.

या भागातील मुलाच्या शाळेची खरी किंमत शुल्काच्या पावतीत दिसत नाही. कापूस वेचणीच्या दिवसांत मुलाचे हात घरच्या मिळकतीला लागतात. धाकट्या भावंडांना सांभाळण्याचे काम मोठ्या बहिणीकडे येते. मजुरीसाठी कुटुंब परगावी गेले, की हजेरीपटावर नाव राहते आणि मूल नसते. कोलामी वा गोरमाटी बोलणाऱ्या मुलास पहिल्या इयत्तेत प्रमाण मराठीतील पाठ्यपुस्तक परकेच वाटते. हा चौथा, भाषेचा अडसर कोणत्याही शुल्कमाफीने वा यंत्राने आपोआप दूर होत नाही. स्थलांतरितांसाठी राज्यात हंगामी वसतिगृहे, साखरशाळा व शिक्षण हमी कार्ड, तसेच दूरच्या वाड्यांसाठी वस्तीशाळा असे उपाय योजले गेले. या सर्वांत गावातील वा तळावरील एखादी शिकविणारी व्यक्ती मध्यवर्ती होती.

महासाथीचा काळ : कोविड-१९ च्या साथीमुळे मार्च २०२० मध्ये राज्यातील शाळा बंद झाल्या आणि निःशुल्क दूरस्थ शिक्षण हा पर्याय न राहता सर्वांसाठी एकमेव मार्ग बनला. राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ हा उपक्रम राबविला, ‘दीक्षा’ या केंद्रीय संगणकीय मंचावरील पाठ भ्रमणध्वनीवर पाठविले जाऊ लागले आणि जुलै २०२० पासून दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही मालिका दाखविली गेली. हे सर्व मोफत होते. परंतु राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार २०१७-१८ मध्ये देशातील ग्रामीण कुटुंबांपैकी सु. १५ टक्के, तर नागरी कुटुंबांपैकी सु. ४२ टक्के कुटुंबांकडेच संगणकजालाची सोय होती. भ्रमणध्वनी घरात एकच असल्यास तो कामावर जाणाऱ्या वडिलांबरोबर जाई; दोन भावंडांचे तास एकाच वेळी येत; टेकड्यांच्या आडच्या वस्त्यांत संदेशवहनाची रेंज मिळत नसे. शुल्काची जागा भ्रमणध्वनीच्या व जोडणीच्या खर्चाने घेतली. राज्यातील अनेक शिक्षकांनी पारावर, समाजमंदिरात वा अंगणात लहान गट बसवून, छापील कृतिपत्रिका घरपोच देऊन अध्यापन चालू ठेवले. २३ नोव्हेंबर २०२० पासून वरच्या वर्गांपासून आरंभ करून शाळा टप्प्याटप्प्याने उघडल्या गेल्या. मात्र साथीच्या पुढील लाटांत त्या पुन्हा बंद ठेवाव्या लागल्या.

मूल्यमापन : निःशुल्क दूरस्थ शिक्षणाचा लाभ ज्यांना निश्चितपणे होतो, असे विद्यार्थीवर्ग आहेत. कामामुळे वा विवाहामुळे शाळा सुटलेल्या तरुणी, कमावते झालेले किशोर, दीर्घ आजारी व अपंग मुले, दहावीत एक-दोन विषयांत अडखळलेले विद्यार्थी यांना पुन्हा शिक्षणप्रवाहात येण्याचे हे बहुधा एकमेव द्वार असते. वाचनाचा सराव झालेला व स्वतः अभ्यासाचे वेळापत्रक पाळू शकणारा विद्यार्थी त्यातून पुष्कळ मिळवितो. याउलट अक्षरओळखीच्या पायरीवरील बालकास पडद्यावरील पाठ पुरत नाही; त्याचा हात धरून गिरविणारे कोणीतरी लागते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने मुक्त विद्यालयांमार्फत तिसरी, पाचवी व आठवी यांस समकक्ष शिक्षणक्रम देण्याची शिफारस केली आहे. तिची अंमलबजावणी करताना हा भेद ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

यात एक धोकाही संभवतो. दूरच्या वस्तीतील कमी पटाची शाळा खर्चिक असते. संगणकजालावरील पाठ मोफत उपलब्ध आहेत, एवढ्या आधारावर ती बंद करणे प्रशासनास सोयीचे वाटू शकते. तसे झाल्यास जे साधन शाळेस पूरक म्हणून निर्माण झाले, तेच शाळेच्या जागी येईल आणि ज्या पोडावर वा तांड्यावर शिक्षकाची गरज सर्वांत अधिक, तेथूनच तो प्रथम नाहीसा होईल. फुले यांच्या रात्रशाळेपासून चित्रा नाईक यांच्या सायंवर्गांपर्यंत जे प्रयोग विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचले, त्यांनी वेळ, जागा व शुल्क यांत सवलत दिली. परंतु शिकविणारा माणूस वगळला नाही. शुल्कमुक्त पाठ, चालू अवस्थेतील साधन, घराजवळचे संपर्क केंद्र व मुलाची बोली समजणारा मार्गदर्शक या चार गोष्टी एकत्र येतील, तेथेच हे शिक्षण खऱ्या अर्थाने मोफत ठरते.