शिस्त आणि मानभंग : 1946 चा नाविकांचा संप

सानगडीचा प्रदेश ज्यांच्या अमलाखाली होता, त्या नागपूरकर भोसल्यांच्या काळात शिबंदीचा असंतोष बहुधा थकलेल्या पगारातून उद्भवे. पुढे कवायती सैन्यात वेतन नियमित झाले. परंतु शिपायाचे दैनंदिन जीवन सर्वस्वी वरिष्ठाच्या हाती गेले आणि असंतोषाचे स्वरूपही पालटले. मुंबईतील 1946 चा नाविकांचा संप याचे ठळक उदाहरण होय.

कुलाब्यातील ‘तलवार’ हे नौदलाचे संदेशवहन-प्रशिक्षण केंद्र होते. निकृष्ट अन्न आणि ब्रिटिश नाविकांच्या मानाने अल्प वेतन या तेथील जुन्या तक्रारी. त्यांत फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात केंद्रप्रमुख कमांडर किंग यांनी नाविकांना अपमानास्पद शब्द वापरले. नाविकांनी रीतसर तक्रार केली. परंतु ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याच्याकडेच ती गेली. 18 फेब्रुवारीस त्यांनी अन्न व काम नाकारले. थोड्याच दिवसांत कराचीसह इतर तळांवरील मिळून सुमारे 20,000 नाविक संपात उतरले. वल्लभभाई पटेलांच्या सल्ल्यानंतर 23 फेब्रुवारीस संप मिटला.

आझाद हिंद सेनेच्या बंदिवानांची मुक्तता हीही संपाची एक मागणी होती. म्हणून त्याचा राजकीय आशय नाकारता येत नाही. तथापि किंग यांच्यावरील कारवाईची मागणीही त्याच यादीत होती, हे लक्षणीय आहे. दाद मागण्याचा अंतर्गत मार्ग खुंटला, तेव्हाच मानभंगाची तक्रार राष्ट्रीय आकांक्षेशी एकरूप झाली.