पोळ, बैल आणि वेशीवरचे तोरण

अर्नेस्ट हेमिंग्वेच्या 'द सन ऑल्सो रायझेस' (१९२६) या कादंबरीतील पाम्प्लोनाचा उत्सव बहुतेक वाचकांच्या लक्षात राहतो तो गर्दी, मद्य आणि मत्सर यांच्यामुळे. आम्हाला त्यातील एक लहान तपशील अधिक महत्त्वाचा वाटतो. सकाळच्या धावपळीत एका शेतकऱ्याला वळूचे शिंग लागते. तो जवळच्याच गावाहून आलेला असतो. मागे बायको आणि दोन मुले असतात. शेतकरी मरतो. त्याच दिवशी दुपारी तोच वळू रिंगणात मारला जातो, त्याचा कान कापून मानाची खूण म्हणून दिला जातो आणि शेवटी तो कान कादंबरीच्या नायिकेकडे येतो. रुमालात गुंडाळलेला हा कान ती हॉटेलातील खणात, सिगारेटच्या थोटकांशेजारी सारून देते आणि निघून जाते. शेतकऱ्याचा जीव आणि वळूचा कान हे दोन्ही उत्सवाच्या हिशेबात किती पटकन निकालात निघतात, हे हेमिंग्वे कसलेही भाष्य न करता सांगतो. १९२३ मध्ये तो पहिल्यांदा पाम्प्लोनाला गेला होता. त्याच्या पुस्तकाने हे आडबाजूचे शहर जगाच्या नकाशावर आणले.

मराठी वृत्तपत्रे दर जुलैत या उत्सवाची छायाचित्रे छापतात आणि खाली 'बैलांची शर्यत' किंवा 'बैलांसमोर धावण्याचा थरार' असे लिहितात. हा शब्द आम्हाला खटकतो, आणि ही केवळ शब्दांची चिकित्सा नाही. शेतकऱ्याच्या मराठीत गोऱ्हा, खोंड, वळू, सांड, पोळ आणि बैल हे सहा वेगळे शब्द आहेत, कारण ती सहा वेगळी आयुष्ये आहेत. खच्ची करून जुवाखाली आणलेला तो बैल. पाम्प्लोनात धावतो तो वळू. त्याच्या मानेवर कधी जू चढलेले नसते आणि रिंगणात उतरेपर्यंत पायी चालणाऱ्या माणसाशी त्याचा फारसा संबंध येऊ नये अशीच त्याची जोपासना असते. गंमत अशी की पाम्प्लोनाच्या रस्त्यावर खरे बैलही धावत असतात. गळ्यात घंटा बांधलेले, खच्ची केलेले, वाट पाठ असलेले हे जनावर वळूंच्या कळपाला सांभाळून रिंगणापर्यंत नेते. छायाचित्रकार त्यांच्याकडे पाहत नाहीत. आमच्या कळंब-परंड्याकडचा शेतकरी तिथे उभा राहिला, तर त्याची नजर पहिल्यांदा त्यांच्यावरच जाईल.

त्या धावण्याची हकीकत थोडक्यात अशी. सान फेर्मिनचा उत्सव पूर्वी ऑक्टोबरात होत असे. १५९१ मध्ये तो जुलैत आणला गेला. गावाबाहेर आणून ठेवलेले वळू पहाटे गल्ल्यांतून रिंगणाकडे हाकत न्यावे लागत आणि या हाकण्यातूनच पुढे धावण्याची रीत पडली. आज ६ जुलैला दुपारी बारा वाजता अग्निबाण उडतो आणि ७ ते १४ जुलै रोज सकाळी आठ वाजता सहा वळू सोडले जातात. अंतर सुमारे पाऊण किलोमीटरहून थोडे अधिक, वेळ दोन-तीन मिनिटे. १९१० पासूनच्या नोंदींनुसार या धावण्यात १६ माणसे मेली. त्यांतील शेवटचा मृत्यू २००९ चा. वळूंची मोजदाद करावी लागत नाही. रोज सहा, आठ दिवस, म्हणजे अठ्ठेचाळीस, आणि सकाळी धावलेला वळू त्याच संध्याकाळी मारला जातो.

याच्या जवळचे आपल्याकडे काय आहे, असे विचारले की लोक चटकन गोव्याच्या धीरियोचे नाव घेतात. दोन रेड्यांची वा वळूंची ती झुंज उच्च न्यायालयाने १९९६ मध्ये बंद करायला लावली. पोर्तुगीज राज्यामुळे ही तुलना सोयीची वाटते, पण आमच्या मते ती फसवी आहे. गावाच्या मध्यातून जनावरे जातात, सगळे गाव दुतर्फा उभे असते आणि त्या एका संध्याकाळी गावातील प्रत्येकाची जागा उघड होते, ही पाम्प्लोनाची खरी रचना आहे. ती शोधायची तर धाराशिव जिल्ह्यातील पोळ्याच्या वेशीपाशी जायला हवे.

मराठवाड्यात पोळा श्रावण अमावास्येला, म्हणजे पिठोरीच्या दिवशी येतो. आदल्या संध्याकाळी खांदेमळणी होते. वर्षभर जू वाहून घट्टे पडलेल्या खांद्यांना हळद आणि तूप किंवा लोणी चोळतात आणि बैलांना दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे रीतसर आवतण देतात. पोळ्याच्या सकाळी ओढ्यावर आंघोळ, मग शिंगांना रंग आणि बेगड, कपाळी बाशिंग, पाठीवर झूल, गळ्यात घुंगुरमाळा, नवी वेसण, नवा कासरा. काही गावांत मारुतीच्या देवळासमोर मंगलाष्टके म्हणून बैलांचे लग्न लावतात. नंतर देवळाला फेऱ्या, घरी ओवाळणी आणि पुरणपोळीचा घास. यातील माया खोटी आहे असे आम्ही म्हणणार नाही. ज्याने बैलाच्या खांद्याला हात लावला आहे त्याला ती खोटी म्हणता येणार नाही.

पण हे सगळे घडते त्याच्या अगोदर एक गोष्ट व्हावी लागते. वेशीवर आंब्याच्या पानांचे तोरण बांधलेले असते आणि जनावरे त्याच्या अलीकडे थांबलेली असतात. मानाचा बैल पुढे जातो, तोरण तुटते आणि मग 'पोळा फुटतो'. फुटतो हे क्रियापद आमच्या मुलुखाचे आहे आणि ते अचूक आहे. पाम्प्लोनात प्रश्न असा असतो की शिंगांसमोर कोण उभा राहणार. आमच्या वेशीवर प्रश्न असतो कोणाच्या मागे कोण. तिथले भय शिंगाचे. इथले भय क्रमाचे.

या क्रमाला इतिहास आहे, आणि तो लिखित आहे. मराठा काळातील वतनपत्रे आणि महजर ज्यांनी चाळले असतील त्यांना 'मानपान' या मथळ्याखालची कलमे ठाऊक असतात. अडचणीत सापडलेला पाटील आपली निम्मी पाटीलकी विकतो, तेव्हा जमीन आणि हक्क यांच्या बरोबरीने मानही वाटून घ्यावा लागतो. टिळा-विडा कोणाला आधी, होळीची पोळी कोणाची, शिराळशेटाला कोणाचा मान, आणि पोळ्याचे बैल कोणाचे पुढे, कोणाचे मागे, की दोघांचे बरोबरीने. या कलमांवरून तंटे झाले, गोतसभा बसल्या, निवाडे लिहिले गेले. आजच्या वाचकाला हे हास्यास्पद वाटेल. पण पुढे चालणारा बैल हा त्या काळी वतनाचा पुरावाच होता. दप्तर जळू शकते, शिक्का हरवू शकतो. दरसाल सगळ्या गावादेखत वेशीतून जाणारा बैल खोडून काढता येत नाही. त्र्यंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाड्या'मुळे (१९१५) आपल्याला वतन आणि बलुते यांची व्यवस्था परिचित आहे. पोळ्याची मिरवणूक म्हणजे ही व्यवस्था वर्षातून एकदा चालून दाखवणे होय.

आणि याच मिरवणुकीत एक विसंगती आहे, जी कलमांत येत नाही. बैलाच्या अंगावरचे दोर, कासरे, म्होरक्या, म्हणजे ज्यांच्याशिवाय पोळा सजत नाही त्या वस्तू, परंपरेने मातंग समाज बलुत्यापोटी वळून देत असे. वेशीवरच्या तोरणाचा दोरही अनेक गावांत त्यांच्याच हातचा. तोरण बांधणे हा त्यांचा हक्क, तोडणे नाही. मातंग-महारांचे बैल असलेच तर ते सर्वांच्या शेवटी, आणि कित्येक गावांत मिरवणुकीच्या बाहेरच. साहित्याच्या विद्यार्थ्यांना येथे अण्णा भाऊ साठे यांची 'फकिरा' (१९५९) आठवावी. ती कथा वारणाखोऱ्यातील आहे, पोळ्याची नाही. पण गावाच्या मानासाठी परगावची जोगणी आणताना प्राण गमावतो तो रानोजी मांग. मान गावाचा, मोल कोणाचे, हा प्रश्न मराठी कादंबरीने इतक्या थेटपणे क्वचितच विचारला आहे.

धावण्याचा भाग हवा असेल तर थोडे दक्षिणेला सरकावे लागते. धाराशिवचा उमरग्याकडचा भाग कर्नाटकाला लागून आहे. बसवेश्वरांचे कल्याण तेथून दूर नाही. लातूर-धाराशिवची वेळ अमावास्या, म्हणजे 'येळवस', नावासकट कन्नड मुलुखाशी बांधलेली आहे. ज्येष्ठ पौर्णिमेची कारहुणवी त्याच मुलुखाची. कोल्हापूरकडे तिलाच कर्नाटकी बेंदूर म्हणतात. या दिवशी रस्त्यावर आडवी बांधलेली 'करी' तोडण्यासाठी बैल खरोखर धावतात. जो बैल पहिला येईल त्याच्या रंगावरून पीक सांगतात: पांढरा आला तर ज्वारीसारखी पांढरी पिके साधणार, तांबडा आला तर तांबडी. पेरणीच्या तोंडावर असलेल्या माणसाने दिलेली ही धाव आहे. पोळ्यात बैल मालकाची जागा सांगतो, कारहुणवीत तो पावसाचे भाकीत सांगतो. आम्हाला दुसरे अधिक निरागस वाटते, हे कबूल केले पाहिजे.

शर्यतींच्या कायद्याची कथा सर्वांना माहीत आहे, म्हणून ती लांबवत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी शर्यती बंद केल्या, महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायदा दुरुस्त केला, आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने ही दुरुस्ती ग्राह्य धरली. या वादात 'परंपरा' हा शब्द दोन्ही बाजूंनी पुष्कळ वापरला गेला. पोळ्याच्या क्रमाविषयी मात्र कोणी बोलले नाही. तीही परंपराच आहे.

तुलनेत आपण पाम्प्लोनाहून दयाळू ठरतो, असे मानण्याचा मोह होतो. तिथला वळू संध्याकाळी मरतो, आपला बैल पुरणपोळी खातो. पण तिथला मृत्यू सर्वांसमोर घडतो. आपला बैल थकला की आठवडी बाजाराला जातो, आणि बाजाराच्या पुढची वाट कोणी विचारत नाही. १९७२ च्या दुष्काळात या जिल्ह्याने दावणी रिकाम्या होताना पाहिल्या. २०१२-१३ आणि २०१८-१९ मध्ये चाऱ्यासाठी छावण्या उघडाव्या लागल्या. २०१५ पासून राज्यात बैलांच्या कत्तलीवरही बंदी आली. तेव्हापासून म्हाताऱ्या बैलाचे काय करायचे हा प्रश्न कोरडवाहू शेतकऱ्यापुढे अधिकच कठीण होऊन बसला आहे.

मोल्सवर्थच्या कोशात 'पोळ' म्हणजे देवाच्या नावाने त्रिशूळ-चक्राची खूण करून मोकळा सोडलेला वळू, आणि 'पोळा' हा शब्द तेथे त्याच्याशीच जोडलेला आहे. म्हणजे मोकळ्या जनावराच्या नावाचा हा सण आपण जुवाखालच्या जनावराचा करून टाकला. आता ते जनावरही कमी झाले. पुष्कळ घरांत मातीचे बैल पुजतात, कोठे ट्रॅक्टरला हार घालतात. या मुलुखाने १९४८ मध्ये निजामी राजवट जाताना पाहिली, १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई आणि १९६० मध्ये महाराष्ट्र पाहिला, महसुली पाटीलकी १९६२ च्या कायद्याने गेली आणि २०२३ मध्ये जिल्ह्याचे नावही बदलले. मानाच्या बैलावरून होणारी भांडणे मात्र संपलेली नाहीत. पोळ्याच्या दिवशी काही वेशींवर पोलीस उभे असतात. दावणीला एकच जोडी उरलेल्या गावातसुद्धा पहिला कोण, हे आधी ठरवावे लागते.